दाब वाढवला तरी सोडा फुसकाच का?

परळला सरबत-सोड्याचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मे महिन्यात आमचा सोडा गॅस धरत नाही. मशीनचं प्रेशर चार किलोवरून सहा किलोवर नेलं, तर बाटली भरतानाच फेस उसळतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात फुसकं पाणी जातं. बारावीत शिकलो होतो की दाब वाढला की वायू जास्त विरघळतो. मग इथे उलटं का? आणि काउंटरवरच्या काचेच्या टाकीतले गोल्डफिश दुपारी वर येऊन तोंड उघडमिट करतात, त्याचा याच्याशी काही संबंध?"

संबंध आहे. बारावीत शिकलात तेही खरंच आहे, फक्त त्यातला एक शब्द बहुतेकांच्या हातून निसटतो. मी सुरुवातीची काही वर्षं शीतपेयाच्या कारखान्यात होतो, मग जवळजवळ तीस वर्षं बॉयलरच्या पाण्याचं काम केलं. एका ठिकाणी पाण्यात गॅस कोंबायचा, दुसऱ्या ठिकाणी पाण्यातला गॅस हुसकून काढायचा. दोन्हीकडे माणसं चुकायची ती याच एका शब्दापाशी.

विल्यम हेन्री या मँचेस्टरच्या माणसाने १८०३ साली मांडलेला नियम असा की, ठरावीक तापमानाला पाण्यात जितका वायू विरघळतो तो पाण्यावर असलेल्या *त्याच वायूच्या* दाबाच्या प्रमाणात असतो. 'त्याच वायूच्या' हा तो निसटणारा शब्द. गेजवरचा काटा सगळ्यांचा मिळून दाब दाखवतो. त्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोड्यातला गॅस, किती आणि साधी हवा किती, हे त्याला कळत नाही. पाण्याला मात्र बरोबर कळतं.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. सकाळी टाकी उघडून धुतलीत, झाकण लावलंत, गॅस सोडलात आणि काटा चारवर आला. गेज शून्यावर असतं तेव्हाही आत बाहेरच्या वातावरणाएवढी, म्हणजे साधारण एक किलो दाबाची (चौरस सेंटिमीटरला एक किलो) हवा असतेच. म्हणजे चारच्या काट्याला आतला खरा दाब पाच किलो झाला. त्यातला एक किलो हवेचा. गॅसच्या वाट्याला आले चार. तुम्ही समजता पाच, पाणी समजतं चार. पहिल्याच बाटलीला वीस टक्क्यांची खोट.

हे इथेच थांबत नाही. नळाचं पाणी स्वतःबरोबर हवा घेऊन येतं. तिशीच्या पुढच्या तापमानाला शंभर लिटर पाण्यात साधारण दीड लिटर हवा विरघळलेली असते. ते पाणी गॅसच्या टाकीत पडलं की आपल्यातली हवा बरीचशी बाहेर टाकतं, आणि ती हवा टाकीच्या डोक्यावर साचत जाते. गॅस पाण्याबरोबर बाटलीत निघून जातो, हवा तिथेच मुक्काम ठोकते. दुपारपर्यंत तुमच्या टाकीच्या माथ्यावर हवेचं चांगलंच राज्य झालेलं असतं आणि काटा मात्र इमानदारीत चारच दाखवत असतो. म्हणून आमच्या कारखान्यात दर तासाला टाकीच्या वरचा कॉक क्षणभर उघडून फुस्स करून सोडायचे. नवीन पोरांना वाटायचं, हे गॅस वाया घालवतायत. खरं तर ते हवा काढत असायचे.

आता तापमान. तुमचं दुखणं जास्त इथे आहे.

एक वातावरण दाबाच्या शुद्ध कार्बन डायऑक्साइडखाली एक लिटर पाणी ठेवलं तर शून्य अंशाला ते १.७ लिटर गॅस पितं. २० अंशांना ०.८८ लिटर. ३० ला ०.६६ च्या आसपास. म्हणजे बर्फापासून साध्या खोलीच्या तापमानापर्यंत येतायेताच निम्मं झालं. कारण फार गूढ नाही. वायू पाण्यात विरघळतो तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते. बाहेरून उष्णता दिली की गाडी उलट दिशेने चालते, रेणू पाण्याच्या मिठीतून सुटून वर निघतात. कार्बन डायऑक्साइड विरघळताना ऑक्सिजनपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, म्हणून त्याच्यावर तापमानाचा परिणामही जास्त जोरात होतो.

मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून तुमच्या मशीनमध्ये येणारं पाणी ३२ अंशांचं धरतो. दुपारी त्याहून जास्तच असेल, हात लावून बघा. एका बाटलीत पाण्याच्या तिप्पट आकारमानाचा गॅस हवा असेल, आमच्या भाषेत तीन व्हॉल्यूम, तर ३२ अंशांच्या पाण्याला गेजवर पावणेचार ते चार किलो लागतात. तेच पाणी ८ अंशांवर आणलंत तर दीड किलोसुद्धा लागत नाही. गॅस तोच, बाटली तीच, गरम पाण्याला दाब मात्र जवळजवळ तिप्पट. आणि हा सगळा हिशोब आत हवा अजिबात नाही असं धरून.

मग सहा किलोवर नेल्यावर फेस का वाढला? कागदावर ३२ अंशांना गेजवर सहा म्हणजे चार व्हॉल्यूमच्या वर गॅस विरघळायला हवा. कदाचित टाकीच्या आत विरघळतही असेल. पण ते पाणी नळीतून बाटलीत पडताना खऱ्या दाबाच्या सातावरून (गेजचे सहा अधिक वातावरणाचा एक) एकदम एकावर येतं. त्या तापमानाला एका वातावरणाखाली, वर सगळा गॅसच असला तरी, ते जेमतेम ०.६३ व्हॉल्यूम धरू शकतं. उरलेला सगळा गॅस आता बेघर. जागा मिळाली की तो फुटणार. आणि जागा त्याला हवेने करून ठेवलेली असते. हवा कार्बन डायऑक्साइडपेक्षा चाळीस-पन्नास पट कमी विरघळते, त्यामुळे दाब सुटला की पहिले बारीक बुडबुडे हवेचे निघतात, आणि त्या प्रत्येक बुडबुड्यात आजूबाजूचा गॅस घुसून तो फुगतो. तुम्ही बाटली भरत असताना जो फेस अंगावर येतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी साध्या हवेने केलेली असते. दाब वाढवून तुम्ही आग विझवायला फुंकणी आणलीत.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी पाणी थंड करा. मशीनला चिलर नसेल तर पाण्याची नळी बर्फाच्या पेटीतून वेटोळी घालून न्या, आमच्याकडे ते चालायचं. मशीनमध्ये शिरण्याआधी पाणी दहा अंशांखाली हवं. मग टाकीतली हवा काढा: गॅस सोडा, वरचा कॉक उघडून टाका, पुन्हा गॅस, पुन्हा कॉक, असं दोन-तीनदा. त्यानंतर दाब दोन-अडीच किलोवर ठेवून बघा. बाटलीसुद्धा गार असू दे. उन्हात तापलेल्या क्रेटमधली बाटली घेतलीत तर आत गेलेल्या थंड पाण्याचं काचेलगत पुन्हा गरम पाणी होतं आणि फेस ठरलेला.

भरलेल्या बाटल्या उन्हात मात्र ठेवू नका. चार व्हॉल्यूमची बंद बाटली फ्रिजमध्ये ४ अंशांना असते तेव्हा आत साधारण पावणेतीन वातावरणांचा दाब असतो. तीच ३० अंशांना सहावर जाते, टेम्पोच्या पत्र्याखाली ४० ला साडेसातच्या आसपास. गॅस एक थेंब वाढलेला नाही, फक्त पाण्याने त्याला बाहेर हाकललंय. काचेची बाटली फुटली तर तुकडे डोळ्यात जातात. मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

जुन्या गोटीच्या सोड्याची बाटली कधी नीट न्याहाळली आहे का? हायरम कॉडने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. त्या बाटलीला बूच नाही, झाकण नाही. बाटली उलटी धरून भरायची, गोटी आपल्या वजनाने मानेत येते आणि आतल्या गॅसच्या दाबाने रबराच्या कड्यावर घट्ट बसते. गॅस स्वतःच स्वतःला कोंडून ठेवतो. अंगठ्याने गोटी आत दाबली की डोक्यावरचा दाब गेला, आणि टॉक्‌ आवाजासरशी सगळं पाणी जागं होतं. हेन्रीचा नियम शिकवायला याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

मुंबईतल्या कित्येक घरांत सकाळी होणारा दुसरा प्रयोग म्हणजे दुधाळ पाणी. महापालिकेचं पाणी आलं की नळातून पांढरट पाणी पडतं आणि घरात कुणीतरी म्हणतं, "आज पावडर जास्त टाकलीय." पाणी काही तास बंद असलं की पाइपात हवा भरते. पाणी सुटलं की ती दाबाखाली पाण्यात विरघळते आणि बारीक होऊन मिसळते. तुमच्या नळातून बाहेर पडताच दाब सुटतो आणि लाखो बुडबुडे एकदम निघतात. तपासायला काचेचा पेला घ्या. पेला खालून वर स्वच्छ होत गेला आणि एखाद्या मिनिटात पाणी नितळ झालं तर ती हवा. तळाशी काही बसलं तर मग मात्र टाकी बघायला हवी.

आता बॉयलरची गोष्ट, कारण 'त्याच वायूचा दाब' हा शब्द मला खरा समजला तो तिथे. बॉयलरच्या पाण्यात ऑक्सिजन राहिला तर तो पोलादाला खड्डे पाडतो. म्हणून पाणी आधी डीएरेटर नावाच्या टाकीतून जातं. तिथे वाफ सोडून पाणी १०५ अंशांच्या आसपास नेतात. आत दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्तच असतो, गेजवर ०.२ किलोच्या आसपास. शाळेतल्या नियमाचा उलगडा न झालेला माणूस इथे गोंधळतो: दाब वाढवलाय, मग ऑक्सिजन कमी कसा होईल? होतो, कारण त्या टाकीत पाण्यावर आहे ती फक्त वाफ. ऑक्सिजनचा स्वतःचा दाब जवळजवळ शून्य. पाण्यातला ऑक्सिजन मग बाहेर निघतो, आणि टाकीच्या माथ्यावरच्या छोट्या व्हेंटमधून थोड्या वाफेबरोबर हवेत जातो. नीट चाललेला डीएरेटर लिटरमागे ०.००७ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन खाली आणतो. नळाच्या पाण्यात तो साडेसात-आठ मिलिग्रॅम असतो, म्हणजे हजारपट कमी.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून फोन आला. इकॉनॉमायझरच्या, म्हणजे धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या चार महिन्यांत दोनदा गळल्या होत्या. कापून काढलेला तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला लालसर-तपकिरी फोड आलेले. नखाने एक टोकरला, तर वरचा पापुद्रा निघाला, खाली काळी पूड, आणि तिच्याखाली हरभऱ्याच्या दाण्याएवढा खड्डा. ऑक्सिजनची सही. उरलासुरला ऑक्सिजन मारायला पाण्यात टाकतात त्या औषधाचा डोस त्यांनी दाखवला, नीट होता. मग मी शिडीने डीएरेटरवर चढलो. व्हेंटमधून वाफेचं शेपूट निघायला हवं होतं. काहीच नव्हतं. पाइप गार.

खाली येऊन विचारलं तर शिफ्टवरचा माणूस अभिमानाने म्हणाला, "साहेब, वाफ फुकट जात होती, मीच बंद केली. महिन्याला किती वाचते बघा." त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. व्हेंट बंद म्हणजे निघालेला ऑक्सिजन टाकीच्या माथ्यावर साचणार, त्याचा दाब वाढणार आणि तो पुन्हा पाण्यात शिरणार. तापमान १०५, दाब बरोबर, सगळे काटे हिरव्या पट्ट्यात, आणि नळ्या पोखरल्या जातायत. व्हेंट थोडा उघडला, पहिल्यांदा खोकल्यासारखा आवाज आला आणि मग पांढरं शेपूट सुरू झालं. तुमच्या सोड्याच्या टाकीतली हवा आणि त्या डीएरेटरमधला ऑक्सिजन, दोघांनाही बाहेर जायला दार हवं असतं.

यातून एक गैरसमजही निघतो. उकळत्या पाण्यात वायू विरघळूच शकत नाही, असं बरेच जण ठामपणे सांगतात. खरं असं आहे: ऑक्सिजनचा स्वतःचा दाब एक वातावरण ठेवला, तर २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ४० मिलिग्रॅम विरघळतो आणि १०० अंशांना २४. कमी झाला, पण संपला नाही. उघड्या पातेल्यात पाणी उकळल्यावर तो जातो, कारण उकळताना पाण्यावरची सगळी जागा वाफ अडवते आणि ऑक्सिजनला दाबच उरत नाही. शिवाय फार वर गेल्यावर, शंभर अंशांच्या पुढे, ऑक्सिजनची विद्राव्यता पुन्हा हळूहळू वाढायला लागते. 'तापमान वाढलं की वायू कमी' हा नियम आपल्या रोजच्या पट्ट्यात पक्का आहे, सगळीकडे नाही. आणि अमोनिया, क्लोरीन ही मंडळी पाण्याशी रासायनिक सोयरीक करतात, त्यांना हेन्रीचा सरळ हिशोब लावायला जाऊ नका.

आता तुमचे मासे.

टाकीवर शुद्ध ऑक्सिजन नाही, हवा आहे, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे त्याचा स्वतःचा दाब ०.२१ वातावरण. त्या दाबाला गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६. फरक फार वाटत नाही. पण माशाचं रक्त थंड, त्याच्या शरीराची भट्टी पाण्याच्या तापमानावर चालते. दहा अंश वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. पुरवठा कमी, मागणी दुप्पट. त्यात गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा. दुपारी तो वर येतो कारण हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरातच काय तो ऑक्सिजन बरा असतो.

कुणीतरी सांगतं, पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो म्हणून मासे गुदमरतात. मुंबईत समुद्रसपाटीला तो फरक एखाद-दीड टक्क्याचा, माशाला कळणारही नाही. खरा फरक बघायचा तर महाबळेश्वरला जा. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी. तरी तिथल्या २० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन साधारण ७.७, म्हणजे आपल्या ३० अंशांच्या पाण्याएवढाच. उंचीने घेतलं ते गारव्याने परत केलं. मुंबईत मात्र बाहेरचा दाब आपल्या हातात नाही, तापमान थोडंसं आहे.

मोठा पंप घेऊन दाब वाढेल असंही मनात आणू नका. दीड फूट पाण्याखाली दाब वाढतो जेमतेम साडेचार टक्के. बुडबुड्यांचं खरं काम पाणी ढवळून खालचं वर आणणं हे आहे. ऑक्सिजन शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. तेव्हा टाकीवरचं काचेचं झाकण काढून जाळी लावा, पृष्ठभागावर सतत तरंग राहील असं फिल्टरचं तोंड वळवा, आणि छोटा पंखा पाण्यावरून वाहू द्या. मे महिन्यातल्या दमट हवेत पंख्याने दोन-तीन अंशच उतरतील, पण तेवढेही कामाचे. बर्फ थेट टाकू नका, एकदम गारठा माशाला मानवत नाही. दुपारी खाणं घालू नका, खाल्ल्यावर त्याची गरज आणखी वाढते, आणि उरलेलं खाणं कुजताना तोच ऑक्सिजन खातं. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्यामागेही हेच असतं: तलावात पडलेलं अन्न कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. टाकीत झाडं असतील तर पहाटेही बघा, रात्रभर तीही ऑक्सिजन घेत असतात.

दुकानाच्या कामाच्या आणखी दोन गोष्टी. लिंबू सोड्यात मीठ शेवटी टाकलंत की पेला उतू जातो. मिठाच्या कणाच्या खडबडीत अंगावर बुडबुड्यांना जागा मिळते, आणि पाण्यात मीठ विरघळलं की वायूला राहायला जागा कमी पडते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के कमी ऑक्सिजन धरतं, ते याच कारणाने. मीठ, साखर, लिंबू चमचाभर पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, मग पेला तिरका धरून कडेने सोडा ओता.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. त्याच्यावरचा काटा बघून गॅस किती उरला ते ठरवू नका. आत गॅस द्रवरूपात आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो: २० अंशांना ५७ बारच्या आसपास, ३० ला ७२. माल अर्धा झाला तरी काटा तिथेच. तो घसरायला लागला म्हणजे सिलिंडरमधला द्रव संपला, आणि बहुधा तेव्हाच दुकानात गर्दी असते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजन घ्या, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं, ते वजा करा.